घामाचा बोजा कुठे चढवायचा?

शिंप्याची शिलाई थकली तर तो कापड अडवून ठेवू शकतो. १८७२च्या करार कायद्यातील कलम १७० ने त्याला तो हक्क दिला. पण सोलापूरच्या रणरणत्या उन्हात भिंत उभी करणाऱ्या गवंड्याने, बिगाऱ्याने काय अडवायचे? भिंत मालकाच्या जागेत, ठेकेदार पसार! अमेरिकेत मेरीलँड राज्याने १७९१ सालीच कारागिराच्या थकबाकीचा बोजा थेट इमारतीवर चढवला. आपल्याकडे सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो, घामाचा नाही.

मग हातावर हात धरून बसायचे? मुळीच नाही. बाबासाहेबांच्या संविधानातील कलम २३ वेठबिगारीला बंदी घालते. किमान वेतनाहून कमी मजुरी देणे हीसुद्धा वेठबिगारीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीच्या एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात ठणकावले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार थकलेल्या मजुरीसाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो.

म्हणून बांधवांनो, भगिनींनो, हजेरीची वही स्वतःजवळ ठेवा. उचल किती, बाकी किती, तारखेनिशी लिहा. ठेकेदाराची सही घ्या. तोंडी हिशेब बुडतो, लिहिलेला हिशेब दाव्यात उभा राहतो.