बीजी वनस्पती

बीजी वनस्पती हा बियांद्वारे पुनरुत्पादन करणाऱ्या संवहनी वनस्पतींचा गट आहे. भात, आंबा, सूर्यफूल, वड आणि देवदार ही त्याची परिचित उदाहरणे होत. बीजांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या उत्तर डेव्होनियन कालखंडातील आहेत.

पुनरुत्पादन

नेच्यांमध्ये शुक्रपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंडपेशीपर्यंत जाते. त्यामुळे फलनासाठी बाहेरील ओलावा आवश्यक असतो. बीजी वनस्पतींत ही गरज उरलेली नाही. वारा, कीटक, पक्षी किंवा वटवाघळे परागकण वाहून नेतात आणि परागनलिकेच्या साहाय्याने नरयुग्मक बीजांडातील अंडपेशीपर्यंत पोहोचते. सायकस व गिंको यांच्या शुक्रपेशी मात्र आजही पोहतात, परंतु बीजांडातील द्रवात. फलनानंतर बीजांडाचे बीजात रूपांतर होते. बीजात भ्रूण, त्याच्यासाठीचा अन्नसाठा आणि संरक्षक बीजावरण असते.

वर्गीकरण

अनावृत्तबीजी वनस्पतींची बीजे फळात बंद नसतात. सायकस, गिंको, पाइन व देवदार यांसह त्यांच्या सुमारे १,००० जाती आहेत.

आवृत्तबीजी, म्हणजेच सपुष्प वनस्पतींची बीजे फळात असतात. त्यांच्या सुमारे ३ लाख जाती ज्ञात आहेत. त्यांच्यातील दुहेरी फलनाचा शोध सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये लावला. या क्रियेत भ्रूणाबरोबरच भ्रूणपोष तयार होतो. गव्हाच्या दाण्यातील पिठूळ भाग हा भ्रूणपोषच होय.

सुप्तावस्था

अनेक बीजे पक्व होताना बहुतांश पाणी गमावतात. त्यांतील चयापचय अत्यंत मंदावतो व अनुकूल परिस्थिती येईपर्यंत भ्रूण जिवंत राहतो. इस्राएलमधील मसादा येथे सापडलेल्या, सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बीजापासून २००५ मध्ये रोप उगवले.

महत्त्व व संवर्धन

तृणधान्ये, कडधान्ये, तेलबिया, कापूस व लाकूड बीजी वनस्पतींपासूनच मिळतात. पिकांचे वाण नष्ट होऊ नयेत म्हणून बीजे वाळवून थंड तापमानात साठवली जातात. नॉर्वेतील स्वालबार्ड येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या जागतिक बीज भांडारात ती उणे १८° सेल्सिअस तापमानात ठेवली जातात. भारताची राष्ट्रीय जनुक बँक नवी दिल्ली येथे आहे.

सर्वच बीजे अशी साठवता येत नाहीत. आंबा व फणस यांची बीजे वाळवल्यास मरतात. त्यामुळे त्यांचे वाण टिकविण्यासाठी प्रामुख्याने बागांतील व वनांतील जिवंत झाडांवरच अवलंबून राहावे लागते. एखाद्या वाणाचे शेवटचे झाड तोडले गेल्यास तो वाण कायमचा नाहीसा होऊ शकतो.