वजनापलीकडची वस्तू

कामगार चळवळीतल्या माणसाने चित्रकलेवर कशाला बोलावे, असे कोणास वाटल्यास नवल नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे व वाचनालयात अधिक झाले. तेव्हा अधिकाराने बोलण्याचा आव आम्ही आणीत नाही. पण या विषयाकडे आम्ही ज्या वाटेने आलो ती आधी सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातील एका कारखान्यात टाळेबंदी झाली. तिसऱ्या महिन्यात कामगारांच्या घरांतून पितळेची भांडी बाहेर पडू लागली. एका बाईच्या सोबतीला आम्ही मोडीच्या दुकानात गेलो. सासूने दिलेला गुंड तराजूत चढला. दुकानदाराने वजन सांगितले आणि पैसे मोजले. कारागिराचे ठोके, काठावर कोरलेले नाव, रोज चिंचेने घासून आलेली झळाळी, यांपैकी कशाचाही हिशेब झाला नाही. ज्या भंडाऱ्याचे नाव पितळी भांड्यांनी झाले, तेथे हे घडले. वस्तूत वजनापलीकडे जे असते ते कोण पाहतो, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात राहिला.

ते पाहणे हेच ज्यांचे काम, असे चित्रकार आहेत. घरातील निर्जीव वस्तूंच्या मांडणीवरून काढलेल्या चित्रास स्थिरचित्र म्हणतात. आपली मुले चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसतात तेव्हा त्यांना हा विषय असतो. एका बाजूने उजेड येईल असे भांडे, फळ, कापड मांडायचे आणि दिसेल तसे रंगवायचे. ऐकायला सोपे, करताना घाम फुटतो. पितळ पिवळे असते असे आपण न पाहताच म्हणतो. पाहू लागले की त्याच्या पोटावर खिडकीचा पांढरा कवडसा दिसतो, शेजारच्या कापडाची लाली दिसते, आणि कडेला तर जवळजवळ काळा रंग असतो.

युरोपात या चित्रांना फार काळ मान नव्हता. फ्रान्सच्या कला अकादमीत सतराव्या शतकात चित्रविषयांची उतरंड ठरली : इतिहास व धर्मकथा सर्वांत वर, भांडीकुंडी सर्वांत खाली. तेथेही उच्चनीच होतेच! त्या खालच्या पायरीवर शार्दँ (१६९९–१७७९) हा पॅरिसचा चित्रकार जन्मभर राहिला. तो एका सुतारकाम करणाऱ्या कारागिराचा मुलगा. पाणी साठवण्याची तांब्याची टाकी, खाली तोटी, शेजारी बादली, अशा साध्या वस्तू त्याच्या एका चित्रात आहेत. चित्र जेमतेम शाळकरी पाटीएवढे; आज ते लूव्र संग्रहालयात आहे.

आपल्याकडे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी ही वाट निराळ्या दिशेने नेली. त्यांचा जन्म कोकणातील नागावचा. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून ते १९५९ साली बाहेर पडले. पुढे बनारस व मुंबई येथील विणकर सेवा केंद्रांत त्यांनी कितीतरी वर्षे नोकरी केली. हातमागासाठी नवे नमुने तयार करणे हे त्या केंद्रांचे काम. मोहाडी-आंधळगावचा कोसा विणकर ज्या धंद्यात आहे, त्याच धंद्याच्या पगारावर हा चित्रकार जगला, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

बरव्यांच्या चित्रांत घड्याळ, सेफ्टी पिन, झाडाचे पान, शंख, फळ अशा वस्तू येतात. पण त्या टेबलावर मांडलेल्या नसतात. मोकळ्या पृष्ठभागावर एकेक वस्तू सुटी ठेवलेली असते. क्षुल्लक वस्तू मोठी होते, मोठी लहान होते. वापरातून सुटलेली वस्तू आपण प्रथमच पाहतो. त्यासाठी त्यांनी एनॅमल रंग घेतला. दाराखिडक्यांना लावतात तोच! या विचाराची मांडणी त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या मराठी पुस्तकात १९९० साली केली.

चित्राने टाळेबंदी उठत नाही, हे आम्ही जाणतो. त्या बाईचा गुंडही परत आला नाही. पण तेव्हापासून आमची एक सवय बदलली. मजुरीच्या वाटाघाटीला जाताना दरांच्या कागदाआधी आम्ही कामगाराने केलेली वस्तू टेबलावर ठेवतो, आणि मालकास ती घटकाभर पाहावयास सांगतो. प्रत्येक वेळी दर वाढतोच असे नाही. पण बोलणे वजनावरून हातांवर येते.

आपणही एक करावे. घरातले एखादे पितळी भांडे मोडीत घालण्याची वेळ आली, तर एक दिवस ते खिडकीत ठेवावे आणि घरातल्या मुलाला त्याचे चित्र काढावयास सांगावे. त्यानंतर काय करायचे, ते ज्याच्या त्याच्या गरजेने ठरवावे.