लूपर पेडलची निवड : समेवर येण्याची शिस्त

गिटार हे वाद्य आता आपल्या समाजातील अनेक घरांत रुळले आहे. कॉलेजच्या अभ्यासातून किंवा दुकानाच्या वेळेतून सवड काढून तरुण मुले-मुली ते शिकतात, आणि भक्तिसंध्येच्या कार्यक्रमांत हार्मोनियम-तबल्याच्या शेजारी गिटारही दिसते. वाद्यावर थोडा हात बसला, की घरात एक नवी मागणी पुढे येते : लूपर पेडल. वडीलधाऱ्यांना हा शब्द अपरिचित असतो, किंमत हजारांत असते आणि दुकानात एकाच नावाखाली अनेक प्रकार मांडलेले असतात. अशा वेळी सरळ नकार देणे सोपे, आणि सर्वांत महाग वस्तू आणून देणेही सोपे. व्यापारी घरात मात्र कोणताही माल घेण्यापूर्वी ‘तो कशासाठी?’ हा प्रश्न विचारण्याची रीत आहे. लूपरच्या बाबतीत हाच प्रश्न निर्णायक ठरतो.

यंत्राचे काम

लूपर हे पायाने चालवायचे छोटे ध्वनिमुद्रण यंत्र आहे. गिटारची केबल त्यात येते आणि दुसरी केबल त्यातून ॲम्प्लिफायरकडे जाते. वादकाने पायाने खटका दाबला, की वादन मुद्रित होऊ लागते. पुन्हा दाबला, की मुद्रण थांबते आणि तोच तुकडा अखंड आवर्तनांत वाजत राहतो. त्यावर दुसरा थर चढवता येतो. या क्रियेला ओव्हरडब म्हणतात. अशा रीतीने एकटा वादक आधी कॉर्डची साथ मुद्रित करतो, तिच्यावर खालच्या पट्टीतील स्वरांची चाल बसवतो आणि मग मोकळ्या हातांनी सुरावट वाजवतो.

कल्पना नवी नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रायन ईनो आणि गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवून, एकाची फीत दुसऱ्यातून फिरवून स्वरांचे असे थर रचले होते. फितीची जागा पुढे डिजिटल स्मृतीने घेतली. बॉस कंपनीचे आरसी-२० हे २००१ मधील पेडल आल्यावर ही सोय सामान्य वादकाच्या पायाशी आली. २००४ मध्ये स्कॉटलंडच्या गायिका केटी टन्स्टॉल यांनी बीबीसीच्या एका संगीत कार्यक्रमात लूपरच्या बळावर एकटीने संपूर्ण गाणे उभे केले आणि त्या प्रसिद्धीस आल्या. एड शीरन हे तर याच पद्धतीने भरगच्च मैदाने गाजवतात. मार्च २०२४ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आणि जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात त्यांचे कार्यक्रम झाले. घरातील तरुणांच्या मागणीचे मूळ बहुधा अशा कार्यक्रमांत असते. परंतु मैदानावरील वादकाची गरज आणि घरच्या खोलीतील विद्यार्थ्याची गरज एक नसते.

रियाजासाठी लूपर

रियाजात लूपरचा खरा उपयोग साथीदार म्हणून जितका आहे, त्याहून अधिक परीक्षक म्हणून आहे. एक साधा हिशेब पाहावा. मिनिटाला १०० ठोक्यांची लय आणि चार-चार ठोक्यांचे चार भाग धरले, तर एका आवर्तनात १६ ठोके होतात. प्रत्येक ठोका ०.६ सेकंदाचा, म्हणजे पूर्ण आवर्तन ९.६ सेकंदांचे. आवर्तन बंद करताना पाय ०.२ सेकंद उशिरा पडला, तर ती लंगडी जागा प्रत्येक फेरीत परत येते. पंधरा मिनिटांच्या रियाजात ती नव्वदाहून अधिक वेळा ऐकावी लागते. शिक्षक एखादी चूक सौजन्याने सोडून देतील. लूपर सोडत नाही.

म्हणून खटका कोठे दाबायचा, हे पहिल्या दिवशी शिकावे लागते. चौथा भाग संपल्यावर नव्हे, तर पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर पाय पडला पाहिजे. तबल्याच्या भाषेत सांगायचे, तर समेवर यायचे. तीनतालाच्या सोळा, केरव्याच्या आठ आणि दादऱ्याच्या सहा मात्रा ज्यांच्या कानात आहेत, त्यांना हे पाश्चात्त्य यंत्र फार परके वाटत नाही. आरंभी लूपरमध्ये काहीही मुद्रित न करता मेट्रोनोमबरोबर केवळ पाय समेवर टाकण्याचा सराव करावा. त्यानंतर दोन कॉर्डची साथ, मग चार कॉर्डची, आणि ती निर्दोष झाल्यावरच तिच्यावर सुरावट. प्रतिक्रमणात मागे वळून आपले दोष पाहण्याची सवय ज्या घरांत आहे, तेथे या शिस्तीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. दोष दिसला, की तो थर पुसून पुन्हा वाजवायचा.

एवढ्या कामासाठी मोठे यंत्र लागत नाही. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या डिट्टो या लहानशा पेडलमध्ये एक खटका, एक बटण आणि पाच मिनिटांची स्मृती आहे. वरील हिशेबाने पाच मिनिटांत ९.६ सेकंदांची ३१ आवर्तने मावतात. रियाजाला एक पुरते. बॉसच्या आरसी-१ मध्ये १२ मिनिटांची स्मृती असून, आवर्तन कोठवर आले हे दाखवणारे दिव्यांचे वर्तुळ आहे. नवशिक्याला ते वर्तुळ उपयोगी पडते, कारण सम जवळ येत असल्याचे डोळ्यांनाही कळते. आरसी-५ मध्ये सुमारे १३ तासांचे मुद्रण, ९९ तुकडे जतन करण्याची सोय आणि ५७ प्रकारचे ठेके आहेत. ठेक्यांचा उपयोग खरोखर होतो. मेट्रोनोमच्या कोरड्या टकटकीपेक्षा ठेक्याबरोबर रियाज अधिक वेळ टिकतो. तेरा तासांचा मोह मात्र बाजूला ठेवावा. गोदाम मोठे असल्याने विक्री वाढत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

मंचावरील गरज

मंचावर प्रश्न बदलतात. तेथे किती वेळ मुद्रण होते यापेक्षा कसे थांबते, हे महत्त्वाचे. एकच खटका असलेल्या पेडलमध्ये वादन थांबवण्यासाठी साधारणतः तो लागोपाठ दोनदा दाबावा लागतो. घरी त्याने काही बिघडत नाही. परंतु स्तवनाचा शेवटचा स्वर संपताना साथ क्षणभर पुढे रेंगाळली, तर सारा परिणाम विरतो. ज्याला कार्यक्रम करायचे आहेत, त्याने थांबण्यासाठी स्वतंत्र खटका असलेले यंत्र घ्यावे किंवा बाहेरून जादा फूटस्विच जोडता येतो का, हे पाहावे. आरसी-१ ला असा फूटस्विच जोडता येतो, त्यामुळे रियाजासाठी घेतलेले यंत्र पुढे छोट्या कार्यक्रमालाही चालते.

दुसरा प्रश्न गाण्याच्या रचनेचा आहे. एकाच मार्गिकेचा लूपर एकच कॉर्डमाला फिरवत राहतो. ध्रुवपदाची आणि अंतऱ्याची कॉर्डमाला एक असेल, तर तो पुरेसा आहे. अंतऱ्यात कॉर्ड बदलत असतील, तर मुद्रित साथ आणि गायन यांची टक्कर होते. अशा रचनांसाठी दोन मार्गिकांचा लूपर लागतो : एकीवर ध्रुवपद, दुसरीवर अंतरा. बॉसच्या आरसी-५०० मध्ये दोन मार्गिका, तीन खटके आणि मायक्रोफोन जोडण्याची सोय आहे. गायनाचे थर रचायचे असतील, तर ही सोय आवश्यक ठरते. खरेदीपूर्वी वादकाने आपण नेहमी वाजवतो अशी दहा गाणी कागदावर लिहावीत आणि त्यांतील किती गाणी एका कॉर्डमालेवर चालतात, ते मोजावे. त्या यादीतून मिळणारे उत्तर जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह असते.

तिसरा प्रश्न साथीदारांचा. माणूस माणसाची लय सांभाळून घेतो. गायक थोडा पुढे गेला, तर तबलजी त्याच्याबरोबर जातो. लूपर कोणासाठीही थांबत नाही. म्हणून मंचावर तबला असेल, तर तबलावादकाला लूपरचा आवाज मॉनिटरमधून स्पष्ट ऐकू आला पाहिजे, आणि तशी व्यवस्था नसेल, तर त्या दिवशी लूपर बंद ठेवणेच शहाणपणाचे. हाताशी चांगला साथीदार असताना यंत्राची साथ घेण्याचे कारणही नाही. ज्या स्थानी किंवा ज्या प्रसंगी विजेची साधने न वापरण्याची परंपरा आहे, तेथे ती मर्यादा पाळावी, हे ओघानेच आले.

जोडणीचा क्रम आणि वीज

लूपर जोडण्याची जागा चुकली, तर महाग यंत्रही निरुपयोगी वाटते. साधा नियम असा : लूपरच्या आधी जे पेडल असते, त्याचा परिणाम मुद्रणात जातो, नंतर जे असते, ते मुद्रित आणि चालू वादन या दोहोंवर एकत्र परिणाम करते. म्हणून ट्यूनर, मग ओव्हरड्राइव्ह, मग डिले आणि शेवटी लूपर, असा क्रम बहुतेकांना सोयीचा पडतो. ओव्हरड्राइव्ह लूपरनंतर ठेवला, तर तीन-चार थर एकत्र येताच आवाजाचा चिखल होतो. साथीचा आवाज चालू वादनापेक्षा किंचित कमी ठेवावा आणि प्रत्येक थर वेगळ्या पट्टीत वाजवावा, म्हणजे सुरावट दबत नाही.

विजेच्या बाबतीत सावधगिरी हवी. बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतात; परंतु त्यांच्या प्लगच्या आतील बाजू ऋण आणि बाहेरची धन असते. घरातील इतर उपकरणांच्या अडॅप्टरमध्ये ही रचना बहुधा उलट असते. प्लग बसतो म्हणून अडॅप्टर चालेलच, असे समजू नये. व्होल्ट, मिलिअँपिअर आणि प्लगवरील चिन्ह पेडलवरील माहितीशी ताडून पाहावे.

खरेदीचा हिशेब

केवळ पेडलची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. अडॅप्टर सोबत मिळतो की वेगळा, जादा केबल लागेल का, ॲम्प्लिफायर आहे का, हे आधी लिहून काढावे. घरी शिकवणीसाठी घेतलेल्या साध्या अकूस्टिक गिटारमध्ये पिकअप नसेल, तर ती लूपरला थेट जोडताच येत नाही. पिकअप बसवण्याचा खर्च धरावा लागतो. लहान लूपरना हेडफोनची सोय सहसा नसते, तेव्हा शेजाऱ्यांना त्रास न देता रियाज करायचा असेल, तर हेडफोनची खाच असलेला छोटा ॲम्प्लिफायर उपयोगी पडतो. सोबत गिटारचा पट्टा घेतला जात असेल, तर तो चामड्याऐवजी सुती किंवा नायलॉनचा मागावा.

दुकानात आपली स्वतःची गिटार घेऊन जावे आणि तीन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली, बूट घालून आणि बूट काढूनही खटका दाबावा. खटका कोठे लागतो, हे पायाला नेमके कळले पाहिजे. दुसरी, मुद्रण, थर चढवणे, थर पुसणे आणि थांबवणे ही चारही कामे पुस्तिका न पाहता पाच मिनिटांत जमतात का, ते पाहावे. तिसरी, लूपर जोडण्यापूर्वीचा आणि नंतरचा गिटारचा आवाज ऐकावा. त्यात ठळक फरक पडू नये. पक्के बिल आणि वॉरंटीचा कागद घेतल्याशिवाय उठू नये. वापरलेले यंत्र घेतानाही हीच परीक्षा करावी, आणि खटक्याची विशेष, कारण सर्वाधिक झीज त्याचीच होते.

त्याहीपूर्वी एक बिनखर्ची कसोटी आहे. मोबाइलवर चार कॉर्डची साथ दहा मिनिटे मुद्रित करावी आणि ती लावून रोज वीस मिनिटे सुरावट वाजवावी. हा क्रम महिनाभर न चुकता चालला, तर लूपरची गरज सिद्ध झाली, असे समजून तो आनंदाने आणून द्यावा. आठवड्यातच कंटाळा आला, तर तोच कंटाळा पेडलवरही धूळ साचवील. परिग्रहाचे परिमाण ठेवणे याचा अर्थ हौस मारणे असा नाही. घरात येणारी वस्तू कामास लागावी, एवढाच आहे. जो लूपर रोज पायाखाली येतो, तो लहान असला तरी योग्य. जो कपाटात राहतो, तो कितीही तासांचा असला तरी व्यर्थ. घरात ही चर्चा निघेल तेव्हा मोठ्यांनी किंमत विचारण्याआधी मुलाला किंवा मुलीला एक आवर्तन वाजवून दाखवायला सांगावे, आणि ते समेवर येते का, हे शांतपणे ऐकावे.