अमेरिकेचा मसल, वाशिमचा पाना!

लांबलचक बॉनेट, व्ही-८ इंजिन आणि अख्ख्या गल्लीची झोप उडवणारा आवाज. ही झाली अमेरिकन मसल कार! या घराण्याची थोरली म्हणून १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओचं नाव घेतात. माहीत आहे का, तिचा जन्मच नियमाला बगल देऊन झाला? मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन नको, असा पॉन्टिॲकची मालक कंपनी जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टिॲकचे इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि मंडळींनी ३८९ चं धूड ‘जादा पॅकेज’ म्हणून टेम्पेस्ट गाडीत बसवलं. नियम जागेवर, गाडी सुसाट!

प्लिमथ कंपनीनं तर कार्टूनच विकत घेतलं. रोड रनर पक्ष्याचं नाव आणि चित्र आपल्या गाडीवर वापरायला वॉर्नर ब्रदर्सला ५० हजार डॉलर मोजले. हॉर्नसुद्धा त्या पक्ष्यासारखा ‘बीप-बीप’!

आता धक्का. हीच प्लिमथ आणि तिची बहीण डॉज आपल्या मुंबईत, कुर्ल्यात जोडल्या जात होत्या! वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं या दोघींच्या मालक क्रायस्लरशी करार केला होता. शेवरलेट तर त्याहून आधी आली. ती बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा मुंबईतला शिवडीचा कारखाना १९२८ चा.

पण वाशिम जिल्ह्यात घरच्या घरी खोलून पुन्हा बांधता येईल असं अस्सल अमेरिकन रक्त कुठलं? उत्तर गोठ्याशेजारच्या टिनाखाली सापडू शकतं. जीप!

माहीत आहे का? जीप भारतात आणणारी कंपनी १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावानं सुरू झाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे दुसऱ्या ‘एम’साठी महिंद्रा आले आणि पाटी झाली ‘महिंद्रा अँड महिंद्रा’. अमेरिकेतल्या टोलेडोची विलीज जीप मुंबईत माझगावला जोडली जाऊ लागली.

उंच बॉनेटवाली जुनी महिंद्रा आठवते? ती उंची ऐटीसाठी नव्हती. नव्या हरिकेन इंजिनात इनटेक वॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच! अमेरिकेनं हे मॉडेल १९६८ मध्ये थांबवलं. आपण त्याच ठेवणीच्या जीपा पुढे कित्येक वर्षं बनवत राहिलो.

युद्धकाळातल्या जीपची तर कमालच. हेडलाइट बिजागरीवर! रात्री बिघाड झाला की दिवा उलटा फिरवायचा, उजेड थेट इंजिनावर. आजच्या महागड्या एसयूव्हीत आहे ही सोय?

आणि बोल्टवर ‘एफ’! विलीजच्या बरोबरीनं फोर्डनंही युद्धासाठी जीपा बनवल्या आणि आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही ‘एफ’ ठोकला. जगभरचे शौकीन आज हे बोल्ट शोधत फिरतात. म्हणून फोर्डची जीप खोलताना एकही जुना बोल्ट भंगारात टाकू नका. प्लीज!

आता माझा सगळ्यात लाडका नुस्का: गंज काढायचाय? साखर कारखान्यातली मळी (मोलॅसिस) आणा! एक भाग मळी, नऊ भाग पाणी, त्यात बुडवा गंजका लोखंडी पार्ट. आठवडा, दोन आठवडे विसरून जा. मळीतले घटक गंजाला धरून सोडवतात आणि खालचं चांगलं लोखंड जवळजवळ जसंच्या तसं राहतं. सँडपेपरनं कोपऱ्यात, आट्यांत, पोकळीत हात पोचत नाही, मळी पोचते. वास मात्र भन्नाट, तेव्हा टाकी घरापासून लांब ठेवा. आणि ॲल्युमिनियमचे पार्ट अजिबात टाकू नका, मळीचं पाणी ते खाऊन टाकतं. कार्ब्युरेटर बाहेर! बाहेर काढलेला पार्ट धुऊन, वाळवून लगेच प्रायमर मारायचा, नाहीतर गंज पुन्हा हजर. थोडक्यात, मळीनं मळ जातो!

पेंट पावसाळ्यात नकोच. हवेत ओल असली की रंगावर पांढरट झाक चढते. सोयाबीन घरात आलं, आभाळ कोरडं झालं की स्प्रे गन काढा.

माहीत आहे का, पेट्रोलमधलं शिसं जुन्या इंजिनाच्या वॉल्व्ह सीटना जपत होतं? २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. म्हणून इंजिन बांधतानाच लेथवाल्याकडून कडक सीट बसवून घेतलेल्या बऱ्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्या फुगवतं, भेगाळवतं. नळ्या बदला, तीही इथेनॉल सोसणारी जात बघून. हा खर्च वाचवू नका, गळकं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

मशीन टिकतं का? एकेकाळी कारंजा लाडवरून धावणाऱ्या शकुंतला रेल्वेला विचारा! मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं.

जीपचं बूमरँगही घ्या: २०१८ मध्ये महिंद्रानं आपल्या थार गाडीच्या पायावरची रॉक्सर बनवायला घेतली, तीही अमेरिकेतल्या ऑबर्न हिल्स शहरात. जीपच्या मालक कंपनीचं अमेरिकेतलं मुख्यालय त्याच गावात! लगेच कोर्टबाजी, कारण जीपसारखा चेहरा.

आणि हो, नंबरची पाटी! २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ ठरू शकते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. नव्या नोंदणीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं; आपला वाशिमचा ३७ गायब! वापराची अट मात्र कडक: रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती अशा ठराविक कामांसाठीच रस्त्यावर. रोज बाजाराला नाही.

मूळ रूप महत्त्वाचं, म्हणून चासी, बॉडी, इंजिन यांत मनमानी बदल करू नका. डिझेल इंजिन ठोकायचा मोह तर आवराच. आजोबांची जीप टिनाखाली असेल तर पहिला बोल्ट सोडण्याआधी दोन कामं करा: आरसी बुक शोधा, आणि चासी नंबर घासून वाचून त्याच्याशी ताडून पाहा. मग काढा पाना!