डोक्यातील कोंडा आणि त्वचेची भिंत

ताम्हिणी घाटाच्या परिसरात जून ते सप्टेंबर ओलावा हटत नाही. केस लवकर वाळत नाहीत आणि सर्दीच्या भीतीने घरातील वृद्धांचे डोक्यावरून न्हाणे लांबणीवर पडते. मग डोके खाजते, उशीवर पांढरे पापुद्रे दिसतात. त्वचा कोरडी पडली असे समजून आपण आणखी तेल चोळतो. वाचकहो, हा समज तपासून पाहावयास हवा.

निरोगी त्वचेचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये म्हणजे चुना. इन्व्होल्युक्रिनसारखी प्रथिने प्रत्येक पेशीला चिवट कवच देतात. मॅलासेझिया नावाची बुरशी तर प्रत्येकाच्याच डोक्यावर वास करते. तिला स्वतःची स्निग्धाम्ले तयार करता येत नाहीत. म्हणून ती त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. ते तेल फोडताना ओलेइक आम्ल सुटते. ज्यांची त्वचा त्यास संवेदनशील असते, त्यांना दाह होतो. पेशी घाईने, अर्धपक्व अवस्थेत वर येतात आणि पुंजक्यांनी सुटतात. हाच कोंडा.

डोक्याच्या त्वचेवर चिकटपट्टी लावून काढलेला थर तपासला असता कोंडा असलेल्यांत केराटिन व इन्व्होल्युक्रिन कमी आढळले, तर खाज आणणारे हिस्टामिन वाढलेले दिसले. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिनही तेथे जास्त सापडले. लघवीत अल्ब्युमिन आले की मूत्रपिंडाची गाळणी बिघडल्याची शंका येते, हे मधुमेही वाचक जाणतात. त्वचेच्या वरच्या थरातील वाढलेले अल्ब्युमिनही तसेच सांगते, की भिंतीला भेगा पडल्या आहेत. समाधानाची गोष्ट अशी, की उपचारानंतर ही प्रमाणे पुन्हा पूर्ववत होऊ लागतात.

पार्किन्सनच्या रुग्णांत या विकाराचा तीव्र प्रकार अधिक आढळतो. ज्यांचा हात डोक्यापर्यंत पोहोचत नाही, त्यांची सारी भिस्त शुश्रूषा करणाऱ्यावर असते. बोलू न शकणारा रुग्ण वारंवार डोके घासत असेल, तर केस विंचरून त्वचा पाहावी. त्याची नखे कापलेली ठेवावीत. मधुमेह्याच्या ओरखड्यात जंतुसंसर्ग लवकर होतो.

डॉक्टरांच्या सल्ल्याने २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे वापरावा. तो केसांना नव्हे, त्वचेला बोटांच्या टोकांनी लावावा, ३ ते ५ मिनिटे ठेवावा आणि कोमट पाण्याने पूर्ण धुवावा. डोळ्यांत जाऊ देऊ नये. त्यानंतर केस पूर्ण वाळवावेत; ओल्या डोक्याला रुमाल बांधू नये. पापुद्रे जाड असतील तर न्हाण्याआधी अर्धा तास थोडे तेल लावण्यास हरकत नाही, परंतु ते रात्रभर मुरवू नये. भेगाळलेल्या त्वचेवर लिंबू चोळू नये.

बुरशी कायमची जात नाही. त्यामुळे आराम पडल्यावरही आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा तोच शाम्पू लावावा, विशेषतः पावसाळ्यात. महिनाभरात फरक न पडल्यास, पू किंवा रक्त आल्यास, केसांचे चट्टे गेल्यास किंवा जाड लाल चकत्या उठल्यास डॉक्टरांना दाखवावे. तो सोरायसिस, नायटा किंवा अन्य विकारही असू शकतो.