पुस्तकाबाहेरचे मानवशास्त्र : मालवणचा किनारा आणि वाडीची विहीर

मुलाने वा मुलीने ‘मला मानवशास्त्र शिकायचे आहे’ असे म्हटले की आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो, हे शिकून पोट भरणार का? प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी एक आठवण द्यावीशी वाटते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, २५ वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. ते आपले बाबासाहेब. तेव्हा हा विषय आपल्याला परका मानण्याचे कारण नाही.

या शास्त्राची एक शाखा पर्यावरणाकडे पाहते. झाड, मासा, पाणी यांची नुसती मोजदाद करून ती थांबत नाही. त्यांच्यावर कोण जगतो, त्यांची राखण कोण करतो आणि निर्णय घेताना कोणाला विचारले जाते, हेही ती तपासते. हे फळ्यावर लिहून कळत नाही. त्यासाठी लोकांत जावे लागते, आणि नुसते वही घेऊन नव्हे, तर त्यांच्या कामाला हात लावून. सिंधुदुर्ग जिल्ह्यात अशा शिक्षणाला जागा भरपूर आहे.

मालवणच्या किनाऱ्यावरची रापणच घ्या. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळे टाकायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. एकट्यादुकट्याचे हे काम नाही, वाडीच्या वाडी दोरीला लागते. मासळी आली की तिचे वाटे पडतात. तो वाटा कसा ठरतो, जाळे कोणाचे, होडी कोणाची, नुसती मेहनत देणाऱ्याला किती आणि किनाऱ्यावर बसून मासळी विकणाऱ्या बाईचा हिशेब कुठे धरतात, हे विचारत गेले तर अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र दोन्ही पायाखालच्या वाळूत सापडतात. दोरीला हात लावणाऱ्या विद्यार्थ्याला लोक मोकळेपणाने सांगतात. लांब उभे राहून प्रश्न विचारणाऱ्याला कोण कशाला सांगेल?

भरती-ओहोटीचेही तसेच. कोकणात जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. खाडीत तिसऱ्या, कालवे काढणाऱ्या बायका घड्याळ न पाहता त्या वेळेला बरोबर उतरतात. शाळेची पायरी न चढलेल्या बाईकडे चंद्र आणि समुद्र यांचे हे गणित असते, आणि आपण तिला अडाणी म्हणतो!

अशा माणसांना न विचारता निर्णय झाला तर काय होते, हेही मालवणनेच दाखवले. १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या समुद्रात सागरी अभयारण्य जाहीर झाले. तिथे प्रवाळ आहेत, ते वाचले पाहिजेत यात शंका नाही. पण आपली मासेमारी बंद होणार या धास्तीने मच्छीमारांनी विरोध केला आणि तो वर्षानुवर्षे चालला. याउलट २०१८ साली राज्य सरकारने योजना आणली की, जाळ्यात अडकलेले कासव किंवा अन्य संरक्षित जीव जाळे कापून सोडून दिल्यास मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाई मिळेल. पहिल्या वेळी मच्छीमार अडचण ठरला होता, दुसऱ्या वेळी राखणदार. आमच्या मते या एका फरकावर विद्यार्थ्याने अख्खे वर्ष अभ्यास करावा. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळ्यांचा संघर्षही त्यात येईलच. त्या जाळ्यांवर सरकारला फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घालावे लागले.

आता पोटाचा प्रश्न. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. चिप्पी कोणती, तिवर कोणते, कुठल्या मुळांच्या आसऱ्याला मासळीची पिल्ले वाढतात, हे त्या सांगतात. खाडीची माहिती हेच तिथे मिळकतीचे साधन झाले आहे.

पण आपल्या मुलांनी सुरुवात खाडीपासूनच करावी असे नाही. जिल्ह्यात पाऊस ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तरी मे महिन्यात अनेक वाड्यांच्या विहिरी तळ दाखवतात. उतार मोठा, खाली जांभा दगड. पाणी थांबतच नाही, समुद्राला जाऊन मिळते. म्हणून पाऊस सरला की, ओढ्याला धार असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून वनराई बंधारे घालतात. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना आहे, तीत वर्षाला १२० तास सेवा आणि ७ दिवसांचे शिबिर असते. गोणी भरणारी मुले तिथे मिळतात.

मात्र गोणी भरून, फोटो काढून परत येणे म्हणजे अभ्यास नव्हे. ओढा पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा, कोंड कुठे होता, हे वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारावे. बंधाऱ्याची जागा कोणी ठरवली? अडलेले पाणी कोणाच्या विहिरीला जाते, आणि बौद्धवाडी बंधाऱ्याच्या कोणत्या बाजूला पडते? २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांना हा प्रश्न कोणी शिकवायला नको. उत्तर दर वेळी कडूच निघेल असे नाही. पण ते विचारून, मोजून, लिहून ठेवलेले असावे. दर रविवारी विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी मोजायला खर्च काहीच येत नाही.

लिहून ठेवण्यावर आमचा भर आहे त्याला कारण आहे. जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते आणि तिने स्थानिक लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. गावातली झाडे, मासे, औषधी वनस्पती आणि त्यांची लोकांना असलेली माहिती त्यात यायला हवी. आपल्या वाडीतल्या आजीला ठाऊक असलेली पावसाळी रानभाजी किंवा बाळंतिणीला द्यायचा पाला त्यात नसेल, तर कागदोपत्री ती माहिती गावात नाहीच.

मुंबईची मंडळी मे महिन्यात गावी जातात. १ मे रोजी सहसा ग्रामसभा असते. मुलांना त्याआधी दोन दिवस नेता आले तर न्यावे, आजीजवळ वही घेऊन बसवावे आणि ग्रामपंचायतीत ती नोंदवही पाहायला मागावी.