बटणाआधी झोपाळा

शर्टाचं बटण लावता येत नाही म्हणून चार वर्षांच्या मुलाला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे न्यावं, आणि तिनं त्याला झोपाळ्यावर पालथं टाकून झुलवत बसावं! बाहेर थांबलेल्या आईबाबांना वाटतं, हा खेळ तर सोसायटीच्या बागेत फुकट झाला असता. पण बटणाचा रस्ता खरंच तिथून जातो.

बोटांपासून मागे येऊ. बोटं वाकवणारे स्नायू बोटांत नसतातच. काही तळहातात असतात, आणि जोरकस पकडीचे तर थेट कोपराखाली. तिथून ते लांब कंडरांनी बोटं ओढतात. एका हाताने दुसरा हात कोपराखाली धरा आणि बोटं नाचवा, कातडीखालची वळवळ लगेच कळेल. मनगटाची गोष्ट याहून नवलाची. मोठ्या माणसाच्या मनगटात ८ हाडं असतात. नवजात बाळाच्या मनगटाच्या एक्स-रेत सहसा एकही दिसत नाही, कारण तिथे सगळी कूर्चाच असते. पहिली दोन काही महिन्यांत दिसू लागतात. शेवटचं, वाटाण्याएवढं हाड दिसायला बहुतेकदा आठ-दहा वर्षं जातात. आणि आपल्याला अडीच वर्षांच्या लेकराकडून ‘अ’ गिरवून हवा असतो!

मनगट स्थिर राहायला खांदा भक्कम लागतो, खांद्याला पाठ-पोटाचा आधार लागतो. धडच डुगडुगत असेल तर एक हात टेकण्यातच अडकतो, आणि बटणाला तर दोन्ही हात मोकळे हवेत. धड सावरायचं काम आतल्या कानाच्या मदतीने चालतं. प्रत्येक कानात द्रवाने भरलेल्या ३ अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं कसं वळलं ते सांगतात. शेजारी कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. समुद्रातले शिंपलेही याच पदार्थाचे! खाली कुठे आणि वर कुठे, हे ते खडे कळवतात. स्नायू आणि सांध्यांमधूनही सारखी खबर येत असते, म्हणून तर गळ्याखालचं न दिसणारं बटण बोटांना सापडतं.

या सगळ्या खबरा मेंदूत नीट जुळल्या तर शिकणं सोपं होतं, असं अमेरिकेतल्या जीन एअर्स यांनी मांडलं. त्यांचं पुस्तक १९७२चं. झोपाळ्यावर पालथं झुलत जमिनीवरचे मणी वेचायचे, जड उशा ढकलायच्या, कणीक मळायची, हे त्याच विचारातून आलं. कॉलरचं लेबल टोचतं म्हणून रडणारं, मिक्सर लावला की कान झाकणारं मूल हट्टीच असतं असं नाही, हेही त्यांच्यामुळे पालकांना उमगलं.

आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. ते उभं करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन होत्या.

झोपाळा म्हणजे जादू मात्र नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली बजावलं, की अशा उपचारांचे पुरावे अजून तोकडे आहेत, आणि मुलाला त्यांचा उपयोग होतोय का हे तपासत राहावं. मला हा सावधपणा पटतो. म्हणून जे काम यायला हवं त्याचाच सराव हवा, आणि तो उलट्या टोकाने करण्याची युक्ती मला फार आवडते. मोजा टाचेच्या वर आपण चढवायचा, शेवटचा ओढा मुलाचा. ते जमलं की टाचेवरून चढवणंही त्याच्याकडे. अशी एकेक पायरी मागे सरकत जायचं. मदत सुरुवातीला मिळते, पण काम दर वेळी मूलच पुरं करतं.